पेट्रोल वाचवणारी यंत्रं आणि गाडीचं ॲव्हरेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलनं शंभरी ओलांडल्यापासून ‘गाडीला हे लावू का?’ हा प्रश्न थांबतच नाही. सोबत बहुतेक वेळा जाहिरातीचा फोटो असतो, त्यावर ‘३५% बचत’ आणि ‘आज शेवटचा दिवस’. तो शेवटचा दिवस चार वर्षं चालू आहे. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तिथे फक्त क्रमांक दिला आहे.

१. फिरवाफिरवी नको. पेट्रोल वाचवणारं यंत्र चालतं की नाही?

नाही चालत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं (ईपीए) आजवर अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. नाव घेण्यासारखी बचत करणारं एकही निघालं नाही. मोजक्या काहींनी किंचित फरक दाखवला, पण त्यातल्या काहींनी तो धुरातलं प्रदूषण वाढवून दाखवला.

या जाहिराती एका अर्धसत्यावर उभ्या असतात. ‘तुमच्या गाडीतलं बरंचसं पेट्रोल वाया जातं’, हे खरं आहे. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी चाकांपर्यंत पोचते ती ढोबळमानानं पाव. पण उरलेली पाऊण जाते कुठे? रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन. पेट्रोल जळायचं राहिलं म्हणून ती जात नाही. धड अवस्थेतलं आजचं इंजिन जवळजवळ सगळं पेट्रोल जाळतं, आणि जे चिमूटभर उरतं ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) संपतं. त्यामुळे ‘ज्वलन सुधारतो’ म्हणणाऱ्या यंत्राला सुधारायला काही शिल्लकच नसतं.

२. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा तो छोटा प्लग? त्यात चिप असते म्हणतात.

असते. शिवाय एक-दोन दिवे आणि एक बटण असतं. मी तीनशे रुपयांत घेतलेला एक प्लग स्क्रू काढून उघडला, तर सॉकेटच्या ज्या पिनांवरून गाडीचा कॉम्प्युटर (ईसीयू) माहिती देतो-घेतो, त्या पिना चिपपर्यंत गेलेल्याच नव्हत्या. वीज घ्यायची आणि दिवा लुकलुकवायचा, एवढंच काम. असे प्लग जगभरात अनेकांनी उघडून पाहिले आहेत आणि बहुतेकांना हाच प्रकार दिसला आहे.

जाहिरातीत ‘१५०–२०० किलोमीटर चालवा, मग चिप तुमची सवय शिकते’ असं लिहिलेलं असतं. ही ओळ लिहिणारा हुशार आहे. तेवढ्या अंतरात तुम्ही स्वतःच जपून चालवायला लागता (प्रश्न ७). याच (ओबीडी) सॉकेटला लागणारा स्कॅनर मात्र वेगळी आणि उपयोगी वस्तू आहे, त्याबद्दल प्रश्न १७ मध्ये.

३. पेट्रोलच्या पाइपवर लोहचुंबक बसवलं तर रेणू सुटे होतात का?

नाही. पेट्रोल हे हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे आणि त्यावर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो. रेणूंचे ‘गुच्छ’ सोडवून इंजिनात पाठवण्याची गरजही नसते, इंजेक्टर दाबानं त्याचा बारीक फवारा करतोच. चुंबक काढून फ्रिजला लावा, लाइटबिल अडकवायला बरं पडतं.

४. पाण्यावर चालणारं किट, म्हणजे एचएचओ? आमच्या तालुक्यात एक जण बसवून देतो.

पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायला वीज लागते. ती वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा गळते. शेवटी हायड्रोजन जाळून जे हाती येतं ते घातल्यापेक्षा कमीच असतं. विहिरीचं पाणी पंपानं वर चढवायचं, त्याच पाण्यावर चाक फिरवायचं आणि त्या चाकावर पंप चालवायचा, असा हा बेत आहे.

यात पैशांपलीकडचाही धोका आहे. बॉनेटखाली ज्वलनशील वायू, घरगुती नळ्या आणि जोडलेल्या वायरी. आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न याच बदलाबद्दल विचारेल.

५. टाकीत टाकायच्या गोळ्या, थेंब, ‘हर्बल’ द्रव्य?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्टर साफ करणारी रसायनं खरी असतात. इंजेक्टर खरोखर चोंदले असतील तर त्यांनी गाडी पूर्ववत होते. मात्र पूर्ववतच, मूळच्यापेक्षा जास्त काही नाही. ‘एक गोळी, २०% बचत’ हा दुसरा प्रकार, त्याला उत्तर प्रश्न १ मध्येच आहे.

‘हर्बल’ शब्द दिसला की मला १९९६ आठवतं. तामिळनाडूच्या रामर पिल्लै यांनी झाडपाल्यापासून पेट्रोल करतो असा दावा केला आणि देशभर गाजवला. भले भले भुलले. पुढे प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयानं त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. तेव्हाही ‘मोठ्या तेल कंपन्या याला दाबताहेत’ हेच ऐकू येत होतं. आजच्या जाहिरातीतलं हे वाक्यही नवं नाही.

६. एअर फिल्टरच्या पाइपात बसवायचा पंखा हवेला भोवरा देतो, त्यानं काय होतं?

हवेच्या वाटेत अडथळा येतो. पेट्रोल इंजिनात एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते आणि हे प्रमाण ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे बघून सतत जुळवत असतो. बाहेरून जास्त हवा घुसवलीत तर तो तेवढं पेट्रोल वाढवतो. तुम्ही त्याच्याशी झटापट करता आणि तो दर क्षणाला ती जिंकतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ईसीयू नसतो, तिथलं गणित थोडं वेगळं (प्रश्न १६).

७. पण माझ्या मेहुण्यानं लावलं आणि ॲव्हरेज १४ वरून १६ झालं! तो खोटं बोलतोय का?

बहुधा नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, उजवा पाय. हजार-दीड हजार रुपये घातले की माणूस त्यांचं चीज होतंय का ते बघायला लागतो. नकळत ॲक्सिलरेटर हळू दाबतो, सिग्नल लांबून दिसला की पाय उचलतो. शहरातल्या थांबत-चालत वाहतुकीत आक्रमक चालवण्यानं ॲव्हरेज १० ते ४०% घटतं, असं अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं म्हणणं आहे. मेहुण्याचे दोन किलोमीटर त्यात आरामात मावतात.

दुसरी गोष्ट, पंपाचं नोझल. समजा ४५० किलोमीटर झाल्यावर टाकी भरली आणि ३१.५ लिटर बसलं. ॲव्हरेज आलं १४.३. पुढच्या वेळी तेवढ्याच अंतराला दुसऱ्या पंपावर नोझल लवकर कट झालं आणि २८.५ लिटरच बसलं. ॲव्हरेज १५.८. गाडी तीच, रस्ता तोच, यंत्र नाही, तरी १०% ‘बचत’!

तिसरी गोष्ट, यंत्र बसवताना मेकॅनिकनं आणखी काय केलं. टायरमध्ये हवा भरली? ऑइल बदललं? त्या महिन्यात मेहुणा कोल्हापूरला जाऊन आला? हायवेवर कुठलीही गाडी जास्तच देते.

आणि ज्यांना फरक पडला नाही ते सांगत नाहीत. फसलो हे लग्नाच्या पंगतीत कोण सांगणार?

८. मग ॲव्हरेज नीट मोजायचं कसं?

टाकी फुल करा, पहिल्या ऑटो कटला थांबा, ट्रिप मीटर शून्य करा. निदान ४०० किलोमीटर चालवा. त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलला पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. हे ओळीनं चार-पाच वेळा करा आणि एकूण किलोमीटरला एकूण लिटरनं भागा, म्हणजे नोझलची चूक पसरून लहान होते. ‘दोनशेचं टाकलं आणि काटा इथपर्यंत आला’ हे मोजमाप नव्हे. डॅशबोर्डवरचा आकडा तुलनेला ठीक, पण अनेक गाड्यांत तो थोडा उदार असतो.

९. कंपनी २२ सांगते, मला १४ मिळतात. गाडी खराब आहे का?

नसावी. कंपनीचा आकडा पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत ठरलेल्या चाचणीतून येतो. गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो, वेग आखून दिलेला असतो आणि ९० च्या वर जातच नाही. तिथे ना खड्डे, ना मागून हॉर्न. दोन गाड्यांची आपसांत तुलना करायला हा आकडा चांगला, तुमच्या गाडीचं भविष्य सांगायला नव्हे.

१०. यंत्र नको तर काय करू? एकच उपाय सांगा.

पुढे बघून चालवा. ब्रेक दाबलात की आधी जाळलेलं पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत जातं. पुढचा सिग्नल लाल दिसतोय तरी गाडी पळवून शेवटी कचकन थांबवणं, ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय. पाय लवकर उचला, गाडी आपली आपण मंदावू द्या.

हायवेवर वेग सांभाळा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १०० ला तो ८० च्या तुलनेत दीडपटीहून जास्त असतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे साधारण ९५ किलोमीटरचा. तो सलग १०० नं कापायला ५७ मिनिटं, ८० नं ७१. फरक चौदा मिनिटांचा, तोही वाटेत घाट, टोलनाका आणि वडापाव नाही असं धरून. घाटात मर्यादा ६० चीच आहे, तिथे वाचवायला वेळ नाहीच.

पैशांत बघा. महिन्याला १,००० किलोमीटर, ॲव्हरेज १५, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर खर्च ७,०००. पाय सांभाळून ॲव्हरेज सव्वासतरावर नेलंत तर खर्च ६,१०० च्या आत येतो. महिन्याला नऊशे रुपये, फुकटात.

११. उतारावर न्यूट्रल करतो, तेव्हा तरी वाचतं ना?

इंजेक्शनच्या गाडीत उलट होतं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की ईसीयू इंजेक्टर बंद करतो. उतार चाकं फिरवतो, चाकं इंजिन फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावं लागतं आणि त्यासाठी ते तासाला अर्धा ते एक लिटर घेतं.

काही जण पुढची पायरी गाठतात आणि इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगही जड होतं. ट्रकमध्ये तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरच थांबतो. पुण्यात कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका टँकरनं चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली होती. चालकानं इंधन वाचवायला उतारावर इंजिन बंद केल्याचं तेव्हा प्राथमिक तपासातून सांगितलं गेलं. खंबाटकी असो की कशेडी, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा.

१२. एसी लावू की काचा उघडू?

शहरात हळू चालताना काचा, हायवेला एसी. वेगात उघड्या काचांमुळे हवेचा अडथळा वाढतो. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी फुल करू नका. दोन मिनिटं काचा उघड्या ठेवून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, मग लावा. पाच किलोमीटरच्या फेरीत एसीचा खर्च सर्वांत जास्त टोचतो, कारण सगळं काम गाडी थंड करण्यातच जातं आणि थंड झाली की घर येतं. आणि मे महिन्यात नागपूरला असाल तर हा प्रश्न सोडून द्या.

१३. सिग्नलला इंजिन बंद केलं तर परत चालू करायला जास्त पेट्रोल लागतं ना?

हा कार्बोरेटरच्या काळातला समज आहे. आजच्या गाडीत दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करणं फायद्याचं. सिग्नलवर आकडा दिसत असेल तर सोपं: ४० दिसला की बंद, ५ दिसला की चालू. बॅटरी आधीच रडत असेल तर मात्र हा प्रयोग भर चौकात नको.

१४. टायरमध्ये नायट्रोजन भरू का?

साध्या हवेत ७८% नायट्रोजन आहेच. काय भरलंय यापेक्षा किती भरलंय ते महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या चौकटीवर आकडा छापलेला असतो, तेवढी हवा पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना तपासा. प्रत्येक पीएसआय कमी झाला की साधारण ०.२% ॲव्हरेज जातं. ३३ च्या जागी २५ वर आलं तर दीड टक्का. फार वाटत नाही ना? पण टायर कडेनं झिजतो आणि हायवेवर तापून फुटायचा धोका वाढतो, तो हिशोब वेगळा. ‘जास्त भरली तर जास्त बचत’ म्हणून ४० करू नका, पावसात पकड कमी होते.

याच रांगेत बसणारा दुसरा खर्च म्हणजे टपावरचा कॅरिअर. गणपतीला कोकणात जाताना बांधला, ठीक. तो शिमग्यापर्यंत तसाच राहतो. टपावरची मोठी पेटी हायवेच्या वेगाला १० ते २५% पर्यंत इंधन खाऊ शकते. रिकामा कॅरिअर तेवढं खात नाही, पण काहीतरी खातोच.

१५. ई२० पेट्रोल आल्यापासून ॲव्हरेज पडलंय. हे खरं की मनाचे खेळ?

खरं आहे. किती, ते गाडीवर अवलंबून. ई२० म्हणजे २०% इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, ई१० म्हणजे १०%. इथेनॉलमध्ये त्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २०% मिसळलं की लिटरमागे काही टक्के ऊर्जा घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच आकडे आहेत: शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ६–७% घट, तशाच दुचाकींत ३–४%, ई१० साठी बनवून ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींत १–२%. याहून खूप जास्त पडलं असेल तर कारण दुसरीकडे शोधा आणि आधी प्रश्न ८ प्रमाणे मोजा.

‘ई२० ची भरपाई करणारं ॲडिटिव्ह’ बाजारात दिसू लागलं आहे. कमी झालेली ऊर्जा चमचाभर द्रवातून परत येत नाही. महाग प्रीमियम पेट्रोलचंही तसंच. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त शक्ती नव्हे, ती फक्त अवेळी स्फोट न होण्याची क्षमता आहे. गाडीच्या पुस्तकात जेवढा ऑक्टेन लिहिला असेल तेवढ्याचंच भरा, त्याहून महाग नको.

१६. जुन्या स्कूटरला मेकॅनिकनं ‘हवा वाढवून’ दिली आणि खरंच फरक पडला. आता बोला!

बोलतो, हा अपवाद खरा आहे. कार्बोरेटरच्या गाडीत मिश्रण आधी गरजेपेक्षा ‘रिच’ (पेट्रोल जास्त, हवा कमी) असेल तर हवा वाढवून पेट्रोल वाचतं. पण तो स्क्रू पिळायला यंत्र लागत नाही, चांगला कान लागतो. हवा जास्त झाली की इंजिन तापतं, पिकअप जातो, चढावर ठोके ऐकू येतात. जुन्या गाडीचा घाण एअर फिल्टर बदलूनही ॲव्हरेज सुधारतं. इंजेक्शनच्या गाडीत फिल्टर बदलल्यानं पिकअप सुधारतो, ॲव्हरेज जवळपास तेच राहतं. तरी बदलाच, धूळ आत जाऊ द्यायची नाही.

१७. म्हणजे बाजारातली एकही वस्तू उपयोगी नाही?

आहेत, फक्त त्या चमत्कार विकत नाहीत. ओबीडी स्कॅनर मोबाइलवर त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवतो. तो गाडीत काही बदलत नाही, पण पाय किती दाबला की आकडा कसा कोसळतो ते बघून माणूस सुधारतो. टायरचा प्रेशर गेज घरी असावा. कमी घर्षणाचे टायर आणि कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल यांनी एक-दोन टक्के हाती लागतात. लांब पल्ल्याच्या ट्रकच्या केबिनवरचा एअर डिफ्लेक्टरही काम करतो, कारण तिथे मागे भिंतीसारखी उभी बॉडी असते. तोच हॅचबॅकवर लावलात तर नुसती शोभा.

१८. पहाटे पेट्रोल घट्ट असतं, ११० चं भरलं की जास्त येतं... हे सगळं?

पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१% प्रसरण पावतं. त्यात पंपाची टाकी जमिनीखाली, तिथे पहाट आणि दुपार सारखीच. शंभर भरा की एकशे दहा, यंत्र लिटरच मोजतं. शंका असेल तर पंपावरचं पाच लिटरचं प्रमाणित माप मागा, तो तुमचा हक्क आहे. शंका नेहमीच वेडेपणाची असते असं नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यातल्या अनेक पंपांवर छापे घालून मापात पाप करणाऱ्या चिपा पकडल्या होत्या. बघा, पेट्रोलवर खरोखर परिणाम करणारी चिप होती, फक्त ती पंपात होती.

१९. यंत्र घेऊन बसलोय. पैसे परत मिळतील का?

ऑनलाइन घेतलं असेल तर परतीची मुदत आधी बघा, ‘२०० किलोमीटर शिकू द्या’ म्हणण्यात ती निघून जाते. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिल जपून ठेवा. वायरिंग कापून काही बसवलं असेल तर ते काढून मूळ जोडणी नीट करून घ्या, वॉरंटी चालू असेल तर हे लवकर करा.

२०. भावाला अशाच एका यंत्राची तालुका एजन्सी मिळतेय. दोन लाख डिपॉझिट आहे. घ्यावी का?

भावाला एक गोष्ट विचारायला सांगा. आपल्याकडे २०१७ पासून मोटार कंपन्यांना इंधनक्षमतेचे नियम लागू आहेत, २०२२ मध्ये ते आणखी कडक झाले. दोन टक्के सुधारण्यासाठी त्या कंपन्यांचे इंजिनिअर वर्षं घालवतात. मग ३५% वाचवणारं यंत्र त्यांना न विकता तालुक्यातालुक्यांत डिपॉझिट का गोळा करताहेत?

पटलं नाही तर लेखी मागणी करा: एकच गाडी, यंत्रासह आणि यंत्राशिवाय, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतला पूर्ण चाचणी अहवाल. प्रशस्तिपत्र चालणार नाही, ट्रॉफीचा फोटो चालणार नाही, ‘आयएसओ प्रमाणित’ हेही चालणार नाही, कारण ते कंपनीच्या कामकाजाबद्दल असतं, यंत्राच्या बचतीबद्दल नव्हे. अहवाल येईपर्यंत दोन लाख बँकेत राहू द्या. आणि आलाच, तर एक प्रत मलाही पाठवा.